विचारून थांबलेली

पूर्वी वेत्रपुरात अंजन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नागयोनीत जन्मून टेकडीवरच्या एका गुहेत राहत होता. गुहेत आधीच्या एका बुद्धाची पावले दगडात उमटलेली होती. त्या खोलगट गारव्यात तो वेटोळे घालून पडून असे. म्हणूनच गावची जुनी रीत होती: दाराशी उभे राहायचे, "येऊ का?" असे विचारायचे आणि थांबायचे. आत वाळक्या पानांसारखी सळसळ होई, नाग कपारीत सरके, मग माणसाने पावलांवर डोके ठेवायचे. सळसळ कशाची, हे गाव कधीच विसरले होते. पावलेच 'ये' म्हणतात, असे सगळे मानत.

माळ्याची मुलगी पाटला जात्याच भित्री. पाठीमागे फूल गळून पडले तरी दचकायची. त्या वर्षी उत्सवाच्या सकाळी टेकडी चढताना तिला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखे वाटले, आणि ते अगदी एवढेसे होते. पुढच्या माणसाने पायथ्याशीच "येऊ का?" म्हटले. तिथे दार नव्हते. मग त्याच्या पुढच्याने म्हटले, मागच्यानेही. बघता बघता 'येऊका येऊका येऊका' असा जप करीत सगळी गर्दी वर धावू लागली.

"आत्या, हे विचारत नाहीयेत गं कोणाला," पाटला सोबतच्या आत्याला म्हणाली.

"मग? दगड काय 'या, बसा' म्हणणार आहे तुला? चल, पाय उचल. मागचे पुढं घुसताहेत."

"पण विचारलं की थांबायचं ना?"

"थांब हो तू. पुण्य काय तुझ्यासाठी थांबणारे?"

ओरडून सगळ्यांना अडवावेसे पाटलाला वाटले, पण मागच्या रेट्याने ती पुढे ढकलली गेली.

सर्वांत पुढे धनपाल नावाचा व्यापारी होता. हातात तुपाचा दिवा, तोंडाने जप, अशा घाईत तो थेट आत शिरला आणि त्याची टाच नागाच्या पाठीवर पडली. नागाने फणा उचलला. समोर उघडी पोटरी होती. 'या पावलांना शरण आलेल्या पायाला मी कसा डसू?' असा विचार करून त्याने तोंड मिटून घेतले, आणि मोडके अंग ओढत तो कपारीत गेला.

"साप! पवित्र जागी साप!" म्हणत लोकांनी कपारीत दगड टाकले, पेटते दिवे टाकले.

दुसऱ्या दिवशी पाटला एकटीच आली. कमळाच्या पानात गार पाणी होते. ती दाराशी उभी राहिली.

"येऊ का?"

थांबली. सळसळ आली नाही. पुन्हा विचारले. पुन्हा थांबली. मागे कपार बुजवायला आलेले गवंडी चुन्याची घमेली घेऊन उभे होते.

"बाई, बाजूला व्हा."

"थांबा ना जरा. विचारलंय मी."

"कोणाला?" एकाने विचारले. दुसरा हसला. थोडा वेळ थांबलेही बिचारे. मग आत गेले.

कपारीत नागाने तिची प्रत्येक हाक ऐकली होती. निदान शेपूट हलावी म्हणून तो धडपडला. अंग हलले नाही. ही मुलगी आता पुन्हा कधी विचारणार नाही, एवढेच दुःख घेऊन तो त्या बुजलेल्या अंधारात संपला. पाटला मात्र दिवस कलेपर्यंत दाराशी होती. आत गेलीच नाही. पाणी हातातूनच सांडून गेले.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, विहारात जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा धनपाल म्हणजे पुढची जागा धरून बसलेला हा भिक्षू. आत्या म्हणजे रोज हार आणणारी उपासिका. गर्दी म्हणजे तुम्ही सारे. नाग मीच होतो. त्या जन्मी माझ्याकडून क्षांती, म्हणजे सहनशीलता, पाळली गेली, आणि पाटलाकडून स्मृती, म्हणजे विचारून थांबण्याचे भान. उत्तर मात्र द्यायचे राहून गेले."

"आणि पाटला आता कुठे आहे, भंते?" एकाने विचारले.

"ती म्हणजे नवी भिक्षुणी वासुला. बाहेर दाराशी उभी आहे. केव्हाची विचारते आहे. तुमच्या वंदनेच्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेले नाही."

शास्ता दाराकडे वळले.

"ये," ते म्हणाले.