कणीचे रोखून ठेवलेले उत्तर

त्या राज्यात प्रत्येक प्राणी कळपाने, थव्याने नाहीतर वारुळाने राहत असे, आणि एकत्र कसे राहावे हे आपल्याइतके कुणालाच कळत नाही अशी प्रत्येकाची खात्री होती. म्हणून दरवर्षी त्या विषयाची एक स्पर्धा भरे. पूर्ण वाढ व्हायला एक ऋतू बाकी असलेल्या कोणत्याही पिलाने, कोणत्याही मुलखातून, तिच्यात उतरावे. त्यासाठी घर सोडावे लागत नसे. कोळ्यांनी मुलखामुलखांतून धागे ताणले होते. इकडे धाग्यावर पाय आपटला की समुद्रापलीकडे कळे. पलीकडे तीन पंच होते, एक घुबड, एक साळिंदर आणि एक कासव. तिघांनीही जन्मात कधी शेजार केला नव्हता, पण एकत्र राहण्याचे शास्त्र त्यांना तोंडपाठ होते.

यंदाचा प्रश्न असा होता: आपल्या वस्तीतली एखादी रीत निवडा, ती नीट पाहा, आणि ती कुणाच्या सोयीची आहे ते सांगा.

एका मोठ्या वारुळात कणी नावाची एक तरुण मुंगी होती. तिला रीत शोधायला लांब जावे लागले नाही. त्या वारुळात दोन मुंग्या समोरासमोर आल्या की मिशीला मिशी लावल्याशिवाय पुढे जात नसत. साखर कुठे सांडली आहे, पाणी कुठून शिरते आहे, सगळ्या बातम्या अशाच फिरत. फक्त मढी वाहणाऱ्या घरांतल्या मुंग्यांना कुणी मिशी लावत नसे. त्यांच्या अंगाला मेलेल्यांचा वास असतो, असे म्हणत. त्यामुळे साखरेची बातमी त्यांना कळे ती बाकीच्या मुंग्या पोट भरून परतताना दिसल्यावर. कणी त्याच घरांतली. तिने स्वतः एकही मढे उचललेले नव्हते.

बोगद्यांच्या नाक्यावर बसून तिने वीस दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या मुंग्या पाहिल्या. एकदा वरच्या घरातली एक मुंगी पाय घसरून मढ्यावर पडली आणि दिवसभर तो वास अंगावर घेऊन हिंडली. तिला एकोणीस जणींनी मिशी लावली आणि फार लागले का म्हणून विचारले. त्याच दिवशी कणीची मावशी दवात दोनदा न्हाऊन आली. तिला एकीनेही नाही. हा वास नाकाला येत नाही, तो आधीपासून ठाऊक असतो, असे कणीने उत्तरात मांडले.

पहिल्या आलेल्याला मधाचे बक्षीस होते. कणीला त्याचे काही नव्हते. पहिले आलेले उत्तर सगळ्या धाग्यांवरून ऐकवले जाई, आणि ते संपेपर्यंत वारुळात कुणी जागचे हलायचे नाही असा नियम होता. एकदा तरी सगळ्यांनी थांबून हे ऐकावे, एवढेच तिला हवे होते.

पूर्वी एका कोल्ह्याने कोकराच्या नावाने उत्तर दिले होते. तेव्हापासून पहारा कडक झाला होता. उत्तर देणाऱ्याने तीन दिवस कमरेला धागा बांधून आपल्या वस्तीत वावरायचे, म्हणजे कोळ्याला त्याच्या हालचालीवरून ओळख पटे. धागा आखूड, वरच्या दालनापुरताच; खाली मढी वाहणाऱ्या घरांपर्यंत तो पोचत नसे. कणी तीन दिवस त्या दालनात राहिली. बाजूलाच साखरी नावाची वरच्या घरातली मुंगी आपला धागा बांधून होती. दिवसभर दालनातून झुंबड जात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी कणीने उत्तर धाग्यावर ठोकले आणि लगेच कोळ्याचा निरोप आला.

"आमच्या तक्त्याप्रमाणे मुंगीला दिवसात किमान शंभर स्पर्श होतात. तुमच्या धाग्यावर तीन दिवसांत एकही नाही. आपण मुंगी असल्याची खात्री पटत नाही. उत्तर रोखून ठेवले आहे."

कणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पुन्हा ठोकले, "मी उत्तरात तेच तर सांगितलं आहे. उत्तर ऐका, म्हणजे कळेल."

"ओळख पटल्याशिवाय उत्तर उघडता येत नाही," निरोप आला. "सूर्यास्तापूर्वी आपल्या वारुळातील तीन मुंग्यांनी आपणास मिशी लावावी."

कणीने खाली सांगावा धाडला. मढ्यांचे काम टाकून आई आली, मावशी आली, शेजारची म्हातारी लंगडत आली. दालनातली गर्दी भिंतींना चिकटून उभी राहिली. तिघींनी कणीला मिशी लावली. आईने जरा जास्तच वेळ लावली. मग सगळ्या मिळून धाग्याकडे बघत बसल्या.

"या तिघींची नावे आपल्या वारुळाने पाठवलेल्या यादीत मुंग्यांमध्ये नाहीत," कोळ्याने कळवले. "ती सफाईच्या सोयींमध्ये आहेत, कोरड्या मातीच्या नोंदीखाली. ग्राह्य धरता येत नाहीत."

"काय म्हणतोय गं तो?" म्हातारीने विचारले.

"काही नाही आजी. तुम्ही जा आता, दमला असाल."

ऊन दालनाच्या दारापर्यंत उतरले होते. कणी साखरीकडे वळली. साखरी चांगली होती. दोघी एकाच नाक्यावर बसत आणि साखरी तिच्याशी लांबून का होईना, बोलत असे.

"साखरे, तू एकदा मिशी लाव. तू लावलीस तर आणखी दोघी लावतील."

साखरीने आजूबाजूला पाहिले. "माझा यावर विश्वास नाही, तुला माहीत आहे."

"म्हणून तर तुला म्हणतेय."

"पण आत्ता माझ्या कमरेला धागा आहे, कणी. घरचे सगळे त्याला कान लावून बसलेत. निकाल लागू दे, मग बघ, सगळ्यांसमोर लावते."

"मग काय उपयोग?"

"असं काय करतेस," साखरी म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटत होते आणि ते दिसतही होते. त्यानेच कणीचा अधिक संताप झाला. समोरचा वाईट असता तर भांडता तरी आले असते. ती दारात जाऊन बसली आणि ऊन जाईपर्यंत उठली नाही.

निकाल आठ दिवसांनी लागला. साखरी पहिली आली. तिचे उत्तर सगळ्या धाग्यांवरून ऐकवले गेले आणि सगळे वारूळ थांबून ऐकत राहिले. आमच्याकडे मिशी लावल्याशिवाय कुणी कुणाला ओलांडत नाही, असे त्यात होते. मी नाक्यावर बसून पाहिले, एकही अपवाद आढळला नाही. पंचांना ते फार भावले. घुबडाचे तर डोळे भरून आले, म्हणतात.

मग मिरवणूक निघाली. साखरी पुढे, मागे हजारो मुंग्या, एकमेकींना मिशा लावत, नाचत. पंचांनाही हा सोहळा अनुभवता यावा म्हणून साखरीच्या कमरेचा धागा मुद्दाम लांब करून ठेवला होता. कणी नाक्यावर मधोमध उभी होती. ती बाजूला झाली नाही. रांग तिच्याजवळ आली, दोन्ही अंगांनी फुटली आणि तिच्यामागे पुन्हा जुळून पुढे गेली. समुद्रापलीकडे कोळ्याच्या पायाखाली साखरीचा धागा किंचित वळला. वाटेत खडा असावा, अशी त्याने नोंद केली.