शिडी धरणारी

"त्यालाच परत वर चढवताय, मास्तर?"

सुगंधानं विचारलं. विचारलं कसलं, ओरडलीच.

मोकल मास्तर गावच्या कार्यशाळेत रेडिओ शिकवायचे. पुरात फोन बंद पडले की तिथल्याच गच्चीवरच्या अँटेनावरूनच तालुक्याला निरोप जायचा. गेल्या पुरात निरोप गेलाच नाही. अँटेनाला तार जोडतात त्या सांध्यात पाणी शिरलं होतं. त्या सांध्याला चिकटपट्टी गुंडाळली होती सुगंधाबरोबर शिकणाऱ्या दिगूनं.

तेव्हा सुगंधा लेकीला पोटाशी धरून घराच्या कौलांवर बसली होती. होडी आली ती उजाडल्यावर. पोरगी वाचली. पण अजून अंगावर तांब्याभर पाणी ओतलं तरी किंचाळते.

"चुकलं, ताई," दिगू म्हणाला.

"ताई म्हणू नकोस मला!"

दिगू हातातल्या पट्टीचं टोक शोधायला लागला.

"मी चढते," सुगंधा म्हणाली. "परीक्षा मी पास झालेय. हा नाही."

"चढ," मास्तर म्हणाले. "शिडी कोण धरील?"

गच्ची शेवाळलेली होती. धरल्याशिवाय शिडी ठरत नव्हती. मास्तरांचे गुडघे गेलेले. बाकीचे दोघे विद्यार्थी अँटेनाच्या खांबाच्या दोऱ्या ओढून उभे होते.

"हा धरील," सुगंधा म्हणाली.

"त्याच्या हातात जीव देशील?"

"मेले तरी नाही!"

"तो तुझ्या हातात देतोय."

...

दिगूनं पट्टी खिशात घातली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

सुगंधानं शिडी धरली. दात खाऊन धरली.

"सोडली तर?"

"पडेल," मास्तर म्हणाले.

दिगू वर गेला. शिडी थरथरायला लागली.

"शिडी का हलतेय?" त्यानं वरून विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मला राग आलाय म्हणून हलतेय! माझी पोरगी आंघोळीला घाबरते, कळतंय का तुला? तू चहा प्यायला पळाला असशील अर्धं काम टाकून! तुझ्या घरात असतं लेकरू तर..."

तिचा दम संपला. तिनं शिडीच्या पायाशी स्वतःचा पाय रोवला, मग शिडी हलायची थांबली.

वर दिगूनं सांधा पुसला, तार जोडली, घट्ट केली. मग पट्टी काढली आणि वरून खाली गुंडाळायला लागला.

सुगंधानं पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं.

दुसरा वेढा पडला. तिसरा...

"अरे गाढवा!" सुगंधा ओरडली. "खालून वर! खालून वर गुंडाळ! कौलं कधी घातली नाहीस का? खालची ओळ आधी, वरची तिच्यावर. म्हणजे पाणी घसरून जातं. तू उलटं करतोयस, पाणी आत घेतोयस!"

दिगूचा हात थांबला.

"मागच्या वेळी पण असंच केलं होतं मी," तो म्हणाला.

"माहितेय! सोडव ते. सगळं सोडव. आणि खाली बघू नकोस, मी धरलीय."

त्यानं पट्टी सोडवली. नवी घेतली. खालून वर, ओढून, एकेक वेढा.

"अजून एक," सुगंधा म्हणाली. "अजून एक... हं."

मास्तरांनी रेडिओचा सेट लावला. गावाचं नाव सांगून हाक दिली. नुसती खरखर. पुन्हा हाक दिली.

मग तालुक्याहून आवाज आला. "ऐकू येतंय. स्वच्छ ऐकू येतंय."

दोऱ्या धरलेले दोघे हसले. दिगू खाली उतरला. त्याचा सदरा घामानं भिजला होता. तो सुगंधासमोर उभा राहिला आणि मग जिन्यानं निघून गेला.

सुगंधा अजून शिडी धरूनच होती. तळहातांवर लाल वळ उठले होते.

"एक सांगून ठेवते, मास्तर. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही."

मास्तर सेटची वायर गुंडाळत होते.

"मी नुसती शिडी धरायला लावली. माफ करायला नाही."