सुंठ आणि बर्फ

"सर, गेलेल्या माणसाच्या तळपायाला सुंठ चोळून काय होणार आहे, सांगा ना?"

डॉ. निनाद घाटगे तावातावाने विचारत होते. मोठे हुशार हो! अंग गार केल्याने मेंदू वाचतो का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. चाळीस रुग्ण झाले होते, आणि परिषदेत टाळ्या घेऊन आल्यापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. मी त्या अतिदक्षता विभागाची सिस्टर. सगळं ऐकत उभी होते.

एकेचाळिसावा रुग्ण बाबासो कोष्टी. यंत्रमागावर काम करता करता त्याचं हृदय बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं, पण तेवढ्यात मेंदूला झळ बसली. म्हणून कालपासून त्याला गुंगीत ठेवून तेहेतीस अंशांपर्यंत गार केलं होतं.

आता आमच्याकडे माणसाचे पाय गार पडले की बाईच्या जिवाचं पाणी होतंच. त्याची बायको सुगंधा पदराआडून सुंठेची पुडी काढायची आणि तळवे चोळत बसायची.

"डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुली हलत नाही," निनाद म्हणाले. "चिमटा काढला तरी हात ओढत नाही. मेंदू संपलाय, सर. मी तिला आत्ताच सांगून टाकतो. घरी न्यायचं तर नेऊ दे."

सुगंधाचा हात थांबला.

आमचे म्हातारे डॉ. नाडगौडा सर चष्मा पुसत होते.

"कधी तपासलंस?"

"आत्ताच."

"गार असताना?"

"...हो. पण सर..."

"सिस्टर, सुंठेनं तापमान हललं का?"

"नाही सर. तेहेतीसच आहे."

"मग चोळू दे तिला."

एवढं बोलून सरांनी निनादांचा उजवा हात धरला आणि शेजारच्या बर्फाच्या टबात कोपरापर्यंत बुडवला. निनाद ओरडले. सरांनी सोडला नाही. मिनिटं गेली.

हात बाहेर आला तो लालभडक.

"ताई, जरा यांच्या तळहाताला सुंठ चोळा बघू."

सुगंधा भांबावली. तरी तिनं चोळलं. वर सरांनी करकचून चिमटा काढला.

"झोंबलं?"

"नाही."

"दुखलं?"

"काहीच कळत नाही, सर."

"मग हात गेला म्हणायचा. आईला कळवू तुझ्या?"

निनादांनी बाबासोकडे पाहिलं.

"म्हणजे... हा जागा होणार?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"मग नाही होणार?"

"तेही नाही म्हटलं."

"सर, एक संशोधन म्हणतं तेहेतीस, दुसरं म्हणतं छत्तीस, तिसरं म्हणतं नुसता ताप येऊ देऊ नका. त्यात तुम्ही हे असं... माझं डोकं चालेनासं झालंय."

"बरं झालं."

"पण करायचं काय?"

"हळूहळू ऊब द्यायची. गुंगी उतरू द्यायची. मग तपासायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं."

"आणि तोवर तिला काय सांगू?"



सुगंधाच उठून समोर आली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"डॉक्टर, मगाशी मला काय सांगणार हुता? खरं सांगा. न्हेऊ का यांना घरला?"

निनादांनी काहीतरी करायचं म्हणून तपासणीचा फॉर्म ओढला, पेन उचललं. ते बधिर बोटांतून निसटून खाली पडलं.

सरांनी वाकून पेन उचललं आणि आपल्या खिशाला लावलं.

"ताई, आत्ता यांना काही विचारू नका. यांचा हात अजून गार आहे."