मम म्हणणारी सभा

खूप जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

गावात पाण्यासाठी एकच तळं होतं. "तळ्याचं पाणी स्वच्छ राहिलं पाहिजे," असा गावसभेनं कायदा केला आणि येसाजीला तळराखा नेमलं. बारीकसारीक नियम त्यानं करावेत आणि सभेनं ते नीट ऐकून पसंत करावेत किंवा मोडीत काढावेत, असं ठरलं. ठरलं खरं!

येसाजी पहिला नियम घेऊन सभेत गेला. सभेचे मुख्य असलेले आबा पान लावत होते. बाकीचे गप्पांत रंगले होते.

"तळ्यात गुरं धुऊ नयेत," येसाजी म्हणाला.

"मम!" आबा म्हणाले. पाठोपाठ सगळी सभा म्हणाली, "मम!" पूजेला बसलेला यजमान भटजींनी खूण केली की म्हणतो ना, मंत्र कळो न कळो, अगदी तसं.

नियम चांगला होता, म्हणून निभावलं. पण पुढचा नियम करताना येसाजीचं मन कचरत होतं.

"आबा, गाळ काढताना पाणी गढूळ होतं. म्हणून गाळ कुणी काढू नये, असा नियम केलाय. पण कुंभार दर उन्हाळ्यात तो गाळ नेतात. त्यांना एकदा बोलावून विचारा. मला एकट्याला काय कळतंय?"

"अरे, मग तुला नेमलाय कशाला? मम!"

"अहो, पण ऐकून तरी घ्या..."

"मम म्हटलं ना बाबा! जेवायची वेळ झाली."

सभा उठली. येसाजी चरफडत घरी गेला. नियम झाला म्हटल्यावर तो पाळणं भागच होतं.

कुंभारांनी गाळ नेणं सोडलं. वर्षामागून वर्षं गाळ साचत गेला आणि तळं उथळ होत गेलं. शेवटी एका उन्हाळ्यात घागरी तळाला टेकायला लागल्या. बायका येसाजीच्या दारात येऊन त्याला शिव्या घालू लागल्या. त्याला स्वतःची लाज वाटली आणि सभेचा संताप आला. तो तडक सभेत गेला.

"आबा, गाव तहानेनं मरेल. गाळाचा नियम ठेवायचा की मोडायचा, ते आज सांगा!"

"मम!" सभा म्हणाली.

येसाजीनं कपाळावर हात मारला. या माणसांपुढे बोलायचं तरी काय! मग त्यानं घसा साफ केला आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं, "नवा नियम. तळ्याचं पाणी फक्त माशांनी प्यावं."

"मम!"

दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन तळ्याच्या पायरीवर बसला. सगळ्यात आधी आबांची सून आली आणि रिकामी घागर घेऊन परत गेली. थोड्याच वेळात लालबुंद झालेले आबा सभेला घेऊन धावत आले. मागोमाग गाव जमलं.

"कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

"केला मी. पसंत तुम्ही केलात," येसाजी म्हणाला. "तुम्ही मासे असाल, तर खुशाल पाणी प्या."

"असला वेडगळ नियम आणलास कशाला?"

"तुम्ही एकदा तरी नाही म्हणावं म्हणून! माझं चुकलं तर सांगायला तुम्हाला बसवलंय ना? मग ऐकायचं कुणी, या माशांनी?"

आबा पायरीवर खाली टेकले. त्याच पायऱ्यांवर सभा बसली. कुंभारांना बोलावलं, एकेक नियम ऐकला, खोदून खोदून विचारलं. माशांचा नियम गेला, गाळाचाही गेला.

पण नियम गेला म्हणून साचलेला गाळ थोडाच जातो! त्या उन्हाळ्यात तळं आटलं. सगळं गाव टेकडीपलीकडच्या नदीवरून पाणी वाहू लागलं. म्हाताऱ्या आबांच्याही खांद्यावर कावड आली.

वाटेत कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "आबा, ही चूक कुणाची हो?"

आबा धापा टाकत म्हणायचे, "मम." आणि आता त्यांना त्या शब्दाचा अर्थ पक्का कळला होता: माझी.

तात्पर्य: दुसऱ्यानं केलेला नियम न ऐकता पसंत करणारा त्या नियमाच्या चुकीचाही धनी होतो.