विहिरीजवळची पोफळ

बापू खोत स्वतःच्या बागेतल्या पोफळींची सुपारी दाढेनेच फोडत. अडकित्ता म्हाताऱ्यांनी वापरावा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या दाढेचं रूट कॅनल करावं लागलं. आतली नस काढली, ठणका थांबला, आणि बापू अख्खी सुपारी घेऊनच दवाखान्यात हजर झाले.

"डॉक्टरीणबाई, दाढेवर टोपी कशाला बसवायची? दुखत तर काहीच नाही. ही बघा, इथेच फोडतो!"

बाकावरचे पेशंट माना उंचावून बघू लागले. डॉक्टर शर्वरींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"खुशाल फोडा. पण आधी तुमच्या विहिरीजवळच्या त्या वाळक्या पोफळीवर चढून दाखवा."

"भलतंच काय! मोडेल ना ती. कधीच मेलीय."

"ताठ उभी आहे की! कधी कुरकुरल्याचंही ऐकलं नाही."

"मेलेलं झाड कुरकुरेल कसं?" बापू बोलून गेले, आणि त्यांची जीभ हळूच दाढेकडे वळली.

सुपारी खिशात टाकून ते खुर्चीत बसले.

"बसवा टोपी," ते म्हणाले. "घरी अडकित्ता आहे म्हणा."