तहानलेले तुकडे

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाही गावाचे निर्णय म्हातारेच घेत आणि परिणाम बाकीचे भोगत.

त्या गावाचा चुना-खडीचा पूल पुरात पडला. नदीच्या पात्रात त्याच्या तुकड्यांचा ढीग लागला. म्हाताऱ्यांनी ठरवलं, टेकडी फोडायची आणि नवी खडी आणायची. गावाचा एकमेव झरा त्याच टेकडीच्या पोटातून येत होता.

चुनाभट्टीवाल्याची लेक म्हणाली, "टेकडीला हात लावू नका. पडलेल्या पुलाचीच खडी करू आणि नव्या चुन्यात घालू."

थोरला म्हातारा हसला. "पडक्याचा दगड नव्यात घालत नाहीत, पोरी. आपली रीत आहे. पडणं त्याच्या अंगात असतं."

"दगड कुठे पडला, आजोबा? पाया उथळ होता. तो तुम्ही घातलात."

म्हाताऱ्याला ते झोंबलं. तिची फजिती करायला त्याने गवंड्यांकडून त्या तुकड्यांचा एक खांब बांधून घेतला. थोड्याच दिवसांत खांब भुसभुशीत होऊन ढासळला.

"बघितलंस?"

"बघितलं. तुकडे कोरडेच घातलेत. त्यांना चिकटलेला जुना चुना तहानलेला असतो. नव्या चुन्याचं पाणी त्यानेच पिऊन टाकलं. आधी त्याला पाजायला हवं होतं."

तिने तुकडे झोडून सुटा चुना पाडला, खडी रात्रभर भिजत घातली आणि दुसरा खांब उभा केला. तो वाळल्यावर म्हाताऱ्याने स्वतः घण मारला. घण उसळून मागे आला.

म्हाताऱ्याने घण खाली ठेवला. मग म्हणाला, "खांब चांगला आहे गं. पण शेजारची गावं काय म्हणतील? भंगारातून पूल बांधला?"

टेकडी फोडली गेली. पूल झाला, देखणा झाला. ढोल वाजले, गुलाल उधळला. शेजारच्या गावांनी वाहवा केली.

उन्हाळ्यात नदी दरवर्षीसारखी कोरडी पडली, आणि या वेळी झराही आटला.

मग सगळं गाव रिकामे हंडे घेऊन त्याच पुलावरून निघालं, कायमचं. थोरला म्हातारा मुलाच्या खांद्याला धरून चालत होता. पोरीपाशी येऊन कुरकुरला, "जरा ठासून सांगायचंस की!"

"सांगितलं होतं, आजोबा. तुम्ही माझं वय बघत बसलात."

मागे, गावाच्या काठावर तिचा खांब तसाच उभा होता. त्याच्या आधाराने काही बांधायला गावात कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: मोडलेलं पुन्हा वापरायची ज्यांना लाज वाटते, ते धडधाकट असलेलंही मोडून बसतात.