'जाते' म्हणालेली सून

पूर्वी गोदेच्या काठी एका नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव सुदंत. कान असून बहिऱ्या माणसांचा तोटा तेव्हाही नव्हता. पण चाक फिरत असले तरी सुदंतांचा कान समोरच्या माणसाकडे असे.

एकदा राजाने उत्सवासाठी शंभर घागरी मागवल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या घागरी घडून झाल्या, तर सुदंत राजकुंभार होणार होते. पाच घागरी घडवायच्या उरल्या होत्या. राजसेवक दारातच बसला होता.

इतक्यात शेजारच्या भद्राकाकूंची सून केतकी उसना नेलेला माठ घेऊन आली.

"काकी, माठ ठेवलाय. जाते मी."

"बरं," सुदंतांची बायको रोहिणी चुलीपासूनच म्हणाली.

सुदंतांचे हात थांबले. निघताना बाईमाणूस 'येते' म्हणते. भांडून निघालेलीही 'येते'च म्हणते. 'जाते' म्हणते ती परत न येणारी.

केतकी घराऐवजी नदीच्या वाटेला वळली होती. ते उठले. चाकावरची ओली घागर कलंडली.

"अहो, पाचच राहिल्यात!" रोहिणी ओरडली.

"शंभर भरल्या नाहीत तर मान दुसऱ्याला जाईल," राजसेवक गुरकावला.

"जाऊ द्या," सुदंत म्हणाले आणि चिखलाच्या हातांनीच नदीकडे धावले.

केतकी कमरेएवढ्या पाण्यात पोचली होती. सुदंतांनी तिचे मनगट घट्ट धरले.

"पोरी, असा जीव टाकू नये. दिवस पालटतात, देव…"

"तुम्हीही तेच!" केतकी किंचाळली. "सगळे शिकवायलाच टपलेत. माझं कोणी ऐकतं का?"

सुदंतांनी जीभ चावली. "चुकलो. बोल तू. आता मी तोंड उघडणार नाही."

मनगट त्यांनी सोडले नाही, तोंडही उघडले नाही. केतकी अडखळत बोलू लागली. तिची मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसे व्हायचे होते, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून तिच्यासाठी रडायचेही नाही. केतकीने विषय काढला की सासू म्हणे, होईल दुसरं.

तेवढ्यात भद्राकाकू हातवारे करीत काठावर आल्या. "काय गं सटवे! घरात चूल थंड आणि तू पाण्यात डुंबतेस? किती वेळा सांगितलं, होईल दुसरं…"

"काकू, तोंड मिटा," सुदंत म्हणाले. "नाहीतर आज ही पोरही हातची जाईल."

भद्राकाकूंना जन्मात कोणी असे बोलले नव्हते. उलट बोलायला त्यांनी तोंड उघडले, तोच सुनेचे थरथरणारे ओठ दिसले.  सून काय म्हणते ते उभ्यानेच ऐकत राहिल्या, शेवटच्या शब्दापर्यंत. मग लुगडे न सावरताच पाण्यात उतरल्या.

"काय नाव ठेवणार होतीस गं?"

"शेवंती."

"शेवंती," भद्राकाकू म्हणाल्या, आणि नातीसाठी पहिल्यांदाच रडल्या. सासूसुना एकमेकींना धरून काठावर आल्या. राजकुंभाराचा मान दुसऱ्या आळीत गेला. सुदंतांनी त्याची चौकशीही केली नाही.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, समोर बसलेल्यांशी त्या जन्मीची नाती जुळवून दिली. "तेव्हाची भद्रा म्हणजे लोकांचे बोलणे अर्ध्यात तोडणारी ही उपासिका धारिणी. केतकी म्हणजे भिक्षुणी सुनीला. आणि तो कुंभार मीच होतो. दुसऱ्याचे दुःख बोलून संपेपर्यंत आपली जीभ दातांमागे धरून ठेवणे, हीच क्षांती, म्हणजे खरी सहनशीलता."